खड्डा चार, थर तीन

आमच्या अक्षदानं दिवाळीच्या सुट्टीला घरी येताना काय आणलं, तर एक्केचाळीस पिशव्या माती.

धसईला एसटीतून ते पोतं उतरवायला कंडक्टरला दुसऱ्या माणसाचा हात लागला. तिला आणायला तिचे वडील, म्हणजे माझे थोरले दीर महिपत, मोटारसायकल घेऊन गेले होते. त्यांना वाटलं, पोरीनं घाटावरून कांदे आणले. धसईपासून आमचं गाव तीन किलोमीटर, पण तेवढ्या वाटेत त्यांनी दोन जणांना पाच-पाच किलो कांदे तोंडीच देऊन टाकले होते. घरी पोतं सोडलं तर आत कापडी पिशव्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी आणि आत माती. भावजी पोत्यात डोकावून म्हणाले की माती आपल्याकडे नव्हती काय.

अक्षदा नाशिकच्या बाजूला शेतीच्या कॉलेजात माती शिकते. सिन्नरच्या पलीकडं जो कोरडा माळ आहे, गुरं-मेंढरं चारायचा, तिथं तिनं माणूसभर खोल चार खड्डे घेतले होते. प्रत्येक खड्ड्याच्या भिंतीत मातीचे थर दिसतात, त्यातल्या एकेका थराची माती एकेका पिशवीत. त्यावर तिचा प्रबंध. त्याचं नाव मी तीनदा मोठ्यानं वाचलं तेव्हा कुठं तोंडात बसलं: चुनखडीयुक्त निमकोरड्या चराऊ जमिनीची वैशिष्ट्ये आणि वर्गीकरण. कॉलेजात कोठीच्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून सरांनी सगळ्यांना आपापली माती घरी न्यायला सांगितली होती. बाकीच्या पोरी हॉस्टेलात खाटेखाली ठेवून मोकळ्या झाल्या. आमची मात्र जिवाची पक्की, दोन वर्षांची मेहनत सोडून यायला तयार नाही.

सिन्नरच्या पलीकडचा तो माळ म्हणजे माझं माहेर. अगदी गाव नव्हे, पण आमच्या गावातून तो दिसतो. मी तिथून लग्न होऊन इकडं भाताच्या मुलखात आले त्याला चोवीस वर्षं झाली. माझे मालक ज्ञानेश्वर कसाऱ्याला रेल्वेत आहेत, त्यामुळं घरात पाळीपाळीनं असतात. मी मात्र चोवीस वर्षांत पाळी चुकवलेली नाही. तरी अजून गावात मी ‘घाटावरची’च. माझ्या आमटीत तिखट जास्त पडलं की घाटावरचं, माझा आवाज चढला की घाटावरचा, आणि एकदा आमची म्हैस आटली तर तीही माझ्या पायगुणानं घाटावरची झाली.

आल्या दिवशीच संध्याकाळी अक्षदानं आम्हां सगळ्यांना ओटीवर बसवून खेळ दाखवला. तिच्याजवळ एक लहानशी बाटली, डोळ्यांत औषध घालायची असते तशी, तिच्यात पातळ केलेलं ॲसिड. एका पिशवीतली पांढरट माती चिमूटभर काढून तिच्यावर थेंब टाकला. मातीला सोड्याच्या बाटलीसारखा फेस आला, बारीक आवाजही आला. मग अंगणातली आपली लाल माती घेऊन तिच्यावर थेंब टाकला. काही नाही. तिनं समजावून सांगितलं, की इकडं एवढा पाऊस पडतो की मातीतला चुना कधीच वाहून गेला. तिकडं पाऊस कमी, चुना वरून विरघळतो आणि दीड-दोन हातांवर जाऊन अडकून बसतो. तो किती खोल बसलाय आणि किती आहे, त्यावरून मातीचं नाव ठरतं.

सासूबाई सकुबाई हे सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, “आमची माती उगाच फसफसत नाय गो.” म्हणाल्या अक्षदाला, बघितलं माझ्याकडं.

तिच्याजवळ रंगांचं एक पुस्तकही होतं. पानोपानी रंगाचे चौकोन, मातीचा रंग त्याच्याशी ताडून बघायचा. सासूबाईंनी ते साड्यांचं समजून चार पानं उलटली आणि सगळे रंग म्हातारीचे आहेत म्हणून परत दिलं.

आता माझं सांगते.

एसटीत पाण्याची बाटली कलंडून एक पिशवी ओली झाली होती. ती अक्षदानं मागच्या पडवीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवली, वर चिठ्ठी ठेवली, चिठ्ठीवर दगड. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईबरोबर बाजाराला गेली. मी पडवीतल्या चुलीवर पाणी तापवायला बसले, आणि समोर ती माती. पांढरी, राखेहून जरा पिवळी. हातात घेतली तर तिच्यात वाटाण्याएवढे चुनखडीचे खडे. असल्याच खड्यांनी आम्ही पोरी माळावर गुरांमागं दिवसभर खेळत होतो. मी जीभ लावून बघितली. तीच.

माझी आई दर शनिवारी या मातीनं चूल पोतारायची. काळी चूल बघता बघता पांढरी व्हायची आणि घर कसं अंघोळ केल्यासारखं दिसायचं. इकडं लाल माती, लाल चूल. चोवीस वर्षं लाल चूल.

वाळत घातलेली माती टाकून द्यायची आहे असं मला वाटलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला काही वाटलंच नाही. हात गेला. जुन्या टोपात माती कालवली, फडकं बुडवलं आणि चूल पोतारली. दोन चमचे भरेल एवढी कोरडी माती आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि पेटीत तळाशी ठेवली. कशाला ठेवली म्हणाल तर सांगता येणार नाही. कागदाची घडी करून दगडाखाली ठेवली, चिठ्ठी मात्र कुठं गेली ते मला आठवत नाही. बहुधा तिच्यावरच चूल पेटवली.

चूल इतकी देखणी झाली की सासूबाईंनी दोनदा येऊन बघितली आणि काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत म्हणजे आवडली. न्हाणीचा उरलेला चुना लावला असेल, एवढंच त्यांना वाटलं.

दोन दिवस बरे गेले; अक्षदा ओटीवर प्रबंध लिहीत बसलेली, पडवीकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच अक्षदाच्या सरांचा फोन आला. चौथ्या खड्ड्यातल्या तिसऱ्या थराचा चुन्याचा आकडा जुळत नव्हता. वरच्या थरात अठरा टक्के, खालच्यात सव्वीस आणि मधल्यात तीन. असं होत नाही, कुठंतरी चूक आहे. माती घेऊन ये, परत तपास, सोमवारी प्रबंध द्यायचा आहे. सोमवार चुकला तर पुढची तारीख सहा महिन्यांनी. तिला एका संशोधन केंद्रात जागा मिळायची होती आणि ती प्रबंधाची पावती बघितल्याशिवाय मिळणार नव्हती. सहा महिने कुणी थांबलं नसतं.

अक्षदा पडवीच्या दारात गेली, दगडाखालची कागदाची घडी बघितली, दाराआडच्या चुलीकडं तिचं लक्षच गेलं नाही, आणि तिथूनच ओरडली. खड्डा चार, थर तीन.

खड्डा परत खणायचा तर तोही नव्हता. पावसाळ्यापूर्वी त्याच जागी शेततळं झालं होतं.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पेटीतली पुडी काढून दिली असती तर ‘ही आली कुठून’ हा प्रश्न आला असता. मी पडवीत गेले, अंगणातली लाल माती शेणात कालवली आणि पांढऱ्या चुलीवर घाईघाईनं लाल पोतारा दिला. वर ओलं गोणपाट टाकलं. माणूस घाबरलं की हाताला कामं फार सुचतात.

अक्षदा रडत बसणाऱ्यातली नाही. तिनं हिशेब मांडला: आपल्या गावात माती सगळी लाल, तिला फेस येत नाही. म्हणजे जिथं फेस येईल तिथं माझी माती. बाटली घेतली आणि निघाली.

आधी उकिरडा. पहिल्याच थेंबाला फेस आला. पोरगी आनंदानं गुडघ्यावर बसली आणि हातानं उकरलं, तर अंड्यांची टरफलं. मग तुळशीपुढं. तिथंही फसफसलं. ती दिवाळीची रांगोळी निघाली. मग न्हाणीच्या भिंतीला. तिथं तर इतकं फसफसलं की सासूबाई दोन पावलं मागं सरल्या, पण तो गेल्या वर्षीचा चुना होता. तोवर शेजारपाजारची पाच-सहा माणसं जमली. ज्याला त्याला आपल्या घरातलं काहीतरी फसफसवून हवं होतं. कुणी दगड आणला, कुणी दातांची पावडर. एकानं रेशनचे तांदूळ आणले, त्यात काय मिसळतात ते कळावं म्हणून. तांदूळ गप्प राहिले, पण त्यानं त्याची खात्री पटली नाही.

शेवटी ती ओटीवर आली. ओटीचा लाकडी खांब आहे, त्याला टेकून भावजी रोज संध्याकाळी बसतात. खांबाच्या बुंध्याशी काही पांढरट दिसलं म्हणून तिनं थेंब टाकला. फेस. जरा वर टाकला. फेस. बसलेल्या माणसाचा हात जाईल तिथवर खांब फसफसत गेला, आणि त्याच्या वर एकदम कोरडा.

सगळे खांबाकडं बघायला लागले. मग हळूहळू सगळे भावजींकडं बघायला लागले. भावजींनी गेल्या वर्षी देवासमोर, जाऊबाईंच्या डोक्यावर हात ठेवून तंबाखू सोडली होती. तंबाखू मळून झाली की बोटाला राहिलेला चुना माणूस कुठं पुसतो, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

“जुना असंल,” भावजी म्हणाले.

अक्षदानं बोटानं खरवडून बघितलं. ती खोटं बोलू शकत नाही, तिला तसं शिकवलंच नाही कॉलेजात. म्हणाली, “खालचा जुना आहे, बाबा. वरचा ओला आहे.”

जाऊबाई अनिता उठून आत गेल्या. आतून भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला. भावजी उठून गोठ्याकडं गेले. मला वाईट वाटलं, खोटं का बोला, थोडं बरंही वाटलं. वाटलं, आता ही गोष्ट खांबावर मिटेल.

पण सासूबाईंना आठवलं, की त्या दिवशी लहानी आली होती. लहानी वाडीवरची. आमच्याकडं सारवायला, झाडायला, भात झोडायला येते. तिनंच पडवी झाडली असणार आणि केरात टाकली असणार. कुणीतरी तिला बोलवायला गेलंही. ती वाडीवरून आली ती हातातलं काम टाकूनच, केसांना भाताचा कोंडा. सासूबाईंनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, आणि त्यांच्या विचारण्यात उत्तर आधीच होतं.

लहानी म्हणाली, “आई, मी झाडलं ते खरं. पण त्या कागदाला माझी झाडणी लागली बी नाय. दगड ठेवलेला, मी बाजूनं झाडलं.”

मग माती कुठं गेली, सासूबाईंनी विचारलं. लहानी माझ्याकडं बघत नव्हती. आणि ती माझ्याकडं बघत नव्हती यावरून मला कळलं की तिला माहीत आहे. त्या सकाळी ती झाडत होती तेव्हा मी चुलीपुढं बसून माती चाटत होते. हे ती सांगू शकली असती. सांगितलं नाही, कारण तिला उद्या परत याच घरी यायचं होतं.

मी उठले. म्हटलं, “अक्षदा, इकडं ये. बाटली घेऊन ये.”

पडवीत नेऊन चुलीवरचं गोणपाट काढलं. सगळे मागोमाग. अक्षदा चुलीपुढं उकिडवी बसली. थेंब टाकला नाही. चुलीच्या कडेला एक भेग पडली होती, तिथं तिनं नख घातलं आणि पोपडा उचलला. पोपडा उजेडात धरला, जसा तिनं खड्ड्याच्या भिंतीचा फोटो आम्हांला मोबाईलवर दाखवला होता तसा. आणि वाचायला लागली.

“वरचा थर लाल. शेण जास्त, नीट मळलेलं नाही. हा घाईत दिलाय.” पोपडा उलटा केला. “त्याच्याखाली पांढरा, बारीक, एकसारखा. हा मन लावून दिलाय.” मग माझ्याकडं न बघता विचारलं, “काकी, वरचा कधीचा?”

“आज सकाळचा,” मी म्हटलं.

तिनं थेंब टाकला. पांढरा थर फसफसला. सासूबाई काहीतरी बोलायला निघाल्या होत्या आणि माझ्या माहेरावर येऊन थांबल्या, त्यांच्या चेहऱ्यावर मी ते वाचलं. लहानीनं केसांतला कोंडा झटकला. मी तिला म्हटलं, लहाने, चुकलं माझं. ती म्हणाली, “चूल मात्र ब्येस झालेली, वैनी.” आणि राहिलेलं भात झोडायला निघून गेली.

अक्षदा तशीच बसून राहिली. चुलीवरची माती चालणार नव्हती. तिच्यात शेण, राख, लाल माती, सगळं मिसळलेलं. तिनं विचारलं, सगळी लावलीत? आवाज इतका लहान होता की मला तो पाचवीतल्या अक्षदाचा वाटला, पाढा अडला की असा यायचा.

मी पेटीकडं गेले.

पुडी तिच्या हातावर सोडली तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला. तिनं रंगांचं पुस्तक काढलं, वहीतला आकडा बघितला, चौकोनाशेजारी माती धरली. जुळला. थेंबभर पाण्यात चिमूटभर भिजवून बोटात मळली, वही बघितली. जुळलं. खडे मोजले नाहीत, पण हातावर घेऊन हसली. मग विचारलं की ही का ठेवली होती. मी म्हटलं, मला नाही ठाऊक. तिनं परत विचारलं नाही.

एका तपासणीला पाच ग्रॅम लागते. सर एका आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत, दोनदा तपासायला लावतात. म्हणजे दहा. पुडीत दहा आहे का नाही, हे डोळ्यांनी कळत नव्हतं. कमी असली तर तिथं जाऊन फजिती होण्यापेक्षा सरांना आधीच सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी ती शहापूरहून नाशिकची गाडी धरणार होती. मी म्हटलं, मी सोडायला येते. ज्याच्याकडं माझी जोडवी आणि तिच्या आईचं मंगळसूत्र झालं, तो सोनार शहापूरच्या बाजारात आहे.

आमच्यापुढं गिऱ्हाईक होतं ते आटपून सोनार आमच्याकडं वळला. मी पुडी काचेवर ठेवली. त्यानं गाठीकडं बघून विचारलं, “मोड आहे का?” जुनं सोनं मोडायला आणतात तसं.

“माती आहे,” अक्षदा म्हणाली.

सोनारानं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. बाजारातला माणूस, हसला असता तरी आम्ही काही म्हटलं नसतं. पण त्यानं काट्यावरची ताटली रुमालानं पुसली, काटा शून्यावर आणला आणि म्हणाला, टाका. अक्षदानं खडे वेगळे काढले, कारण खडे चालत नाहीत, बारीक माती हवी. मग पुडी ताटलीवर उलटी केली.

नऊ पूर्णांक बासष्ट.

तिनं आकड्याकडं बघितलं आणि ओठ आत घेतला. मी लुगड्याचा तुकडा झटकायला गेले, तर सोनारानं माझा हात धरून थांबवला. असा झटकायचा नसतो म्हणाला. गल्ल्याखालून मऊ केसांचा ब्रश काढला, ज्यानं तो सोन्याचा कीस गोळा करतो तो, आणि तुकडा काचेवर पसरून घडीघडीतून, विणीविणीतून फिरवला. नऊ पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. मग त्यानं डोळ्याला भिंग लावलं. तुकड्याला एका बाजूला माझ्या आईनं कधीतरी दुमड घातलेली होती, हाती शिवलेली, जाड टाक्यांची. त्या दुमडीत चिमट्यानं फट करून त्यानं ब्रशाचं टोक घातलं.

दहा पूर्णांक शून्य तीन.

“दहा भरली,” सोनार म्हणाला, आणि लागलीच सवयीनं म्हणाला, “वर थोडी तुमचीच.”

त्यानं सोन्यासाठी असते ती गुलाबी कागदाची पुडी करून माती तिच्यात भरली. अक्षदानं पेन काढून वर लिहिलं: खड्डा चार, थर तीन. त्याखाली नमुना ठेवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं म्हणाली. सरांना डांबरगोळ्यांचा वास आला तर विचारायला माणूस हवं. माझं नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट, आणि गाव म्हणून जरा थांबून माहेरचं लिहिलं. खडे मला परत दिले. पाच होते, खेळायला लागतात तेवढेच.

हायवेवर तिची गाडी गेली आणि मी परत फिरले. आमच्याकडं येणाऱ्या किन्हवलीच्या गाडीला उशीर होता, म्हणून घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. ओटीचा खांब लख्ख धुतलेला, घासलेला, लाकडाची रेघ न् रेघ दिसत होती, आणि भावजी त्याच्यापासून चार हात लांब, आधाराशिवाय ताठ बसलेले.

मागच्या पडवीत गेले. सासूबाई चुलीपुढं खाली बसलेल्या, हातात उलथनं. माझा लाल पोतारा त्यांनी सगळा खरवडून काढला होता. चुलीभोवती लाल पोपड्यांचा ढीग आणि मधे चूल, डागाडागाची, पण पांढरी.

उलथनं माझ्या हातात देत त्या उठल्या, कंबर धरून सरळ झाल्या, आणि म्हणाल्या, “तिला फोन कर. म्हणावं, पुढच्या येळेला पोतंभर आण. चिठ्ठी न लावता.”